स्टिअरिंग कॉलमच्या दुरुस्तीनंतर सुरू झालेले विजेचे बिघाड : तपासणी कोठून सुरू करावी?

कोयनाकाठ

माझ्याकडे २०१६ मधील पेट्रोल हॅचबॅक आहे. पॉवर स्टिअरिंग विजेवर चालणारे असून त्याची मोटर कॉलमवरच (स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दांड्याच्या भागावर) बसवलेली आहे. खराब रस्त्यावर स्टिअरिंगमधून कटकट आवाज येत असे, म्हणून गावाजवळच्या एका गॅरेजमध्ये कॉलम उतरवून युजे क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा) बदलून घेतला. आवाज पूर्णपणे थांबला, त्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र गाडी घरी आणल्यानंतर पुढील गोष्टी एकामागून एक सुरू झाल्या.

घरासमोर गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि एअरबॅगचा लाल दिवा लागला, तो आता विझतच नाही. हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. स्टिअरिंग डावीकडे थोडे वळलेले असताना बहुतेक वेळा वाजतो. उजवीकडचा साइड इंडिकेटर वळण संपल्यावर आपोआप बंद होतो, डावीकडचा होत नाही. गाडी सरळ रस्त्यावर असताना स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेले दिसते. या सर्वांहून मला अधिक काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची : चालत्या गाडीत मधूनच एसीचा ब्लोअर थांबतो आणि त्याच वेळी पॉवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागून स्टिअरिंग जड होते. काही सेकंदांत सर्व पूर्ववत होते.

गॅरेजचे म्हणणे असे की क्लॉक स्प्रिंग गेली आहे आणि पॉवर स्टिअरिंगचा ईसीयूही (विजेचा नियंत्रक) गेला आहे. ईसीयू सुटा मिळत नसल्यामुळे मोटरसह पूर्ण कॉलम बदलावा लागेल. हा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फार मोठा आहे. माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, घरी काय करता येईल आणि कशाला अजिबात हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

इंद्रायणी

एअरबॅगचा दिवा आणि हॉर्न, दोन्ही एकाच वेळी बिघडले असतील तर क्लॉक स्प्रिंगच तुटलेली असणार, याविषयी मला शंका नाही. स्टिअरिंगच्या चाकातील एअरबॅग, हॉर्न आणि गाण्यांची बटणे यांच्या तारा फिरत्या चाकातून स्थिर कॉलममध्ये आणण्याचे काम ती करते. आत शिंप्याच्या मोजपट्टीसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते, ती चाकासोबत घट्ट होते किंवा सैल होते. ईसीयूबद्दल मात्र मी सांगू शकत नाही.

मृद्गंध

उत्तरे येण्याआधी एक विनंती करते. पिवळ्या रंगाचे कपलर (तारा जोडणारे सॉकेट) किंवा पिवळ्या नळीतून गेलेल्या तारा दिसल्या, तर त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात. ओहम मोजताना मीटर स्वतःचा थोडासा प्रवाह सोडतो आणि तेवढ्यानेही एअरबॅग फुटण्याचा धोका संभवतो. ती सेकंदाच्या काही शतांश भागात उघडते आणि आपण त्या वेळी नेमके तिच्यासमोर वाकलेले असतो.

चाकाजवळ कोणतेही काम करायचे असेल तर आधी किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि थांबा. एअरबॅगच्या नियंत्रकात विजेचा साठा ठेवणारा कपॅसिटर असतो, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडली पाहिजे. कोणत्या गाडीला ९० सेकंद, कोणत्या गाडीला ३ मिनिटे थांबण्यास सांगितलेले असते. मी गाडी कोणतीही असो, १० मिनिटे थांबते. काढलेली एअरबॅग ठेवताना तिचा शोभेचा भाग नेहमी वरच्या बाजूला असावा.

निवृत्त_निदेशक

मी आयटीआयमध्ये अनेक वर्षे मोटर मेकॅनिकचा वर्ग घेतला, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कोयनाकाठ, तुम्ही लक्षणांचे वर्णन इतके नीट केले आहे की निम्मे निदान त्यातच आहे. कॉलमच्या कामानंतर विजेची तक्रार आली की मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारत असे : बिघाड कोणत्या हालचालीने होतो? चाक फिरवल्याने, कॉलम वर-खाली केल्याने, की किल्ली हलवल्याने? चाक फिरवल्याने लक्षण बदलत असेल तर दोष चाक आणि कॉलम यांच्यामधल्या भागात, म्हणजे क्लॉक स्प्रिंगमध्ये असतो. टिल्टचा खटका सोडून कॉलम वर-खाली केल्याने बदलत असेल तर कॉलमसोबत हलणाऱ्या तारांमध्ये किंवा त्यांच्या कपलरमध्ये असतो. किल्लीला नुसता हात लावल्याने बदलत असेल तर इग्निशन स्विचमध्ये किंवा त्याच्या मागच्या कपलरमध्ये असतो. या तीन हालचाली बसल्या जागी, गाडी उभी असताना करता येतात आणि त्यासाठी एकही स्क्रू उघडावा लागत नाही.

तुमची लक्षणे दोन गटांत पडतात. एअरबॅगचा दिवा, हॉर्न, इंडिकेटर आणि कललेले चाक हा पहिला गट. ब्लोअर आणि जड स्टिअरिंग हा दुसरा. दोन्ही गट एकाच दुरुस्तीनंतर सुरू झाले, तरी त्यांचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नका.

पहिला गट असा. कॉलम उतरवताना मधला शाफ्ट सुटा होतो आणि चाक मोकळे फिरते. ते मोकळे फिरू नये म्हणून सीट बेल्टने किंवा दोरीने बांधून ठेवायचे असते आणि शाफ्टच्या दोन्ही भागांवर रंगाची खूण करायची असते. तसे केले नाही तर दोन गोष्टी घडतात. शाफ्ट एखादा दात पुढे-मागे बसतो, त्यामुळे चाक कललेले दिसते. त्याहून वाईट म्हणजे चाक सुटे असताना पूर्ण एक फेरा फिरून गेले तर क्लॉक स्प्रिंगचा मध्य सरकतो. या स्प्रिंगला साधारणपणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५ फेऱ्यांच्या आसपास मोकळीक असते आणि स्टिअरिंगचे चाक साडेतीन फेऱ्यांच्या आसपास फिरते. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण फेऱ्याचीच सवलत उरते. मध्य एका फेऱ्याने चुकला तर रस्त्यावर सर्व ठीक चालते, कारण रस्त्यावर आपण चाक टोकापर्यंत फिरवतच नाही. गाडी लावताना पहिल्यांदा पूर्ण वळण घेतले की पट्टी ताणली जाऊन तडकते. तुमचा दिवा नेमका तेव्हाच लागला आहे.

दुसऱ्या गटाबद्दल. ब्लोअर आणि पॉवर स्टिअरिंग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोघे एकाच क्षणी बंद पडतात आणि एकाच क्षणी सुरू होतात, याचा अर्थ दोघांना येणारा एखादा समान पुरवठा तुटतो आहे. पॉवर स्टिअरिंगच्या ईसीयूला बॅटरीतून जाड तारेने थेट वीज येते. त्याखेरीज किल्ली चालू असल्याचा संकेत देणारी एक बारीक तार इग्निशन स्विचकडून येते. तो संकेत गेला की ईसीयू मोटर थांबवतो आणि दिवा लावतो. ब्लोअरही इग्निशन स्विचमधूनच चालतो. ईसीयू बिघडल्यामुळे ब्लोअर बंद पडण्याचे काही कारण मला दिसत नाही. त्यामुळे कॉलम बदलण्याचा निर्णय आज घेऊ नका. स्विचच्या कपलरपासून सुरुवात करा.

तोपर्यंत गाडी बाहेर काढू नका. एअरबॅगचा प्रश्न आहेच, पण घाटात वळणावर स्टिअरिंग अचानक जड होणे त्याहून आधी घात करू शकते.

सरळमार्गी

निदेशक सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. हल्लीच्या गाडीत अंदाजाने तपासण्यापेक्षा आधी स्कॅनर लावून कोड वाचणे हाच पहिला टप्पा असला पाहिजे. एअरबॅग आणि पॉवर स्टिअरिंग या दोन्हींचे नियंत्रक आपला दोष स्वतः नोंदवून ठेवतात. पाचशे-सातशे रुपयांचे ब्लूटूथ अडॅप्टर सहसा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, त्यामुळे ते लावून "कोड काहीच नाही" असे समजू नये. एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. सामान्य माणसाने डॅशबोर्डच्या खाली हात घालण्याला माझा विरोध आहे.

निवृत्त_निदेशक

सरळमार्गी, स्कॅनर अवश्य लावावा आणि कोड पुसण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. माझा मुद्दा एवढाच की कोड दोषाचे ठिकाण सांगत नाही, नियंत्रकाला काय जाणवले ते सांगतो. यू०१३१ हा कोड आला तर पॉवर स्टिअरिंगच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला एवढेच कळते. तो नियंत्रक जळाला, त्याचा फ्यूज सैल आहे, की त्याला किल्लीचा संकेत मिळाला नाही, हे त्यातून कळत नाही. असाच कोड पाहून लोक महागडे सुटे भाग बदलतात आणि तक्रार तशीच राहते. स्कॅनर आणि मीटर, दोन्ही हवेत.

भाट्ये

मी रत्नागिरीत राहतो. इकडे खाऱ्या हवेमुळे आणि चार महिन्यांच्या दमटपणामुळे विजेच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा अर्थिंगपाशीच (बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीपाशी) येऊन थांबतात, म्हणून तो मुद्दा जोडतो. डॅशबोर्डच्या आत आडवी लोखंडी तुळई असते, तिच्यावर कॉलम बोल्टने धरलेला असतो आणि अनेक गाड्यांत अर्थिंगची कडीही तेथेच जवळपास कसलेली असते. कॉलम काढताना ती कडी सोडली आणि परत बसवताना तिच्याखाली रंग किंवा गंज राहिला, तर नुसते डोळ्यांनी पाहून काही कळत नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे टोक त्या अर्थिंगच्या कडीवर लावावे आणि ब्लोअर, दिवे, मागच्या काचेचा हीटर असे सर्व चालू करावे. मीटरवर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर ती अर्थिंग काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसावी. सर्व बंद असताना हीच मोजणी केली तर गंजलेली अर्थिंगसुद्धा चांगली दिसते, कारण प्रवाहच नसतो. भार चालू असताना मोजणे हाच या तपासणीचा प्राण आहे.

आणखी एक. बॅटरी किती जुनी आहे? विजेवरचे स्टिअरिंग जागेवर वळवताना मोटर बराच मोठा प्रवाह ओढते आणि बॅटरी दुबळी असेल तर त्याचा दिवा लागू शकतो. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील तर बॅटरी व अल्टरनेटरचा संशय बाजूला ठेवता येईल.

चाकोरी

क्लॉक स्प्रिंग नवीन घेण्याची गरज नाही, असे मला वाटते. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चांगल्या स्थितीतील मिळू शकते. माझ्या ओळखीच्या एका वायरिंगवाल्याने तर सांगितले की एअरबॅगच्या कपलरमध्ये योग्य मूल्याचा रेझिस्टर लावला की दिवा विझतो आणि काही बदलावेच लागत नाही. हे कितपत योग्य आहे?

मृद्गंध

चाकोरी, तुम्ही विचारून घेतलेत हे फार चांगले झाले, म्हणून स्पष्ट उत्तर देते : हे कधीही करू नये आणि कोणाला करूही देऊ नये. रेझिस्टर लावला की नियंत्रकाला वाटते एअरबॅग जागेवर आहे. प्रत्यक्षात अपघाताच्या वेळी वीज त्या रेझिस्टरमध्ये जाते आणि एअरबॅग बंदच राहते. चालकाला आणि पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याला याचा काहीही पत्ता नसतो. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती काही डॅशबोर्डवरचा दिवा विझवण्यासाठी नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. किल्ली चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. तो लागलाच नाही, किंवा इंजिनाच्या दुसऱ्या एखाद्या दिव्यासोबत अगदी त्याच क्षणी विझला, तर कोणीतरी त्याच्याशी छेडछाड केली असण्याची शक्यता असते. रेझिस्टरची लबाडी मात्र या तपासणीतही पकडली जात नाही, म्हणूनच मला तिची अधिक चीड येते.

जुन्या बाजारातील क्लॉक स्प्रिंगबद्दल म्हणाल तर तिची पट्टी किती फेरे झिजली आहे आणि काढताना तिचा मध्य धरून ठेवला होता का, हे कोणीही सांगू शकत नाही. मी नवीनच घेईन.

लेस्टरकर

इकडे ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत एअरबॅगचा दिवा बिघाड दाखवत असेल तर गाडी नापास होते, त्यामुळे लोक तो दिवा फार दिवस तसाच ठेवू शकत नाहीत. आपल्याकडे खासगी गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचे मोजमाप होते. दिव्याकडे लक्ष देण्याची सगळी जबाबदारी मालकावर येते, म्हणून मृद्गंध यांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. निदेशक सरांनी सांगितलेल्या तीन हालचाली गाडी अंगणात उभी ठेवून केल्या.

इंजिन चालू, ब्लोअर पूर्ण वेगावर, टिल्टचा खटका सोडून कॉलम सर्वांत खाली नेला. ब्लोअर लगेच थांबला आणि स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला. वर नेला की दोन्ही ठीक. हे प्रत्येक वेळी घडले. चाक फिरवल्याने ब्लोअरवर काहीही परिणाम होत नाही, मात्र हॉर्न चाकाच्या स्थितीनुसार वाजतो. म्हणजे दोन गट वेगळे आहेत, हे मला स्वतः पाहता आले.

त्यानंतर भाट्ये यांच्या पद्धतीने मोजले. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, अर्थिंगवर ०.०५ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग चांगली आहे. मात्र कॉलम खाली असताना फ्यूज बॉक्समध्ये ब्लोअरच्या फ्यूजवर केवळ ९ व्होल्टच्या आसपास मिळाले आणि आकडा सतत खाली-वर होत होता. कॉलम वर नेल्यावर तेथेच १३.७ मिळाले.

मग बॅटरीची तार सोडून, दहा मिनिटे थांबून, कॉलमचे खालचे प्लास्टिकचे कव्हर तीन स्क्रू काढून उतरवले. पिवळ्या कपलरला हात लावला नाही. इग्निशन स्विचच्या मागे पांढरा कपलर आहे. त्याला येणारा तारांचा जुडगा कॉलमच्या कंसाच्या वरून जायला हवा, असे तेथील मोकळ्या क्लिपवरून दिसते. आमच्या गाडीत तो कंसाच्या खालून गेला आहे. त्यामुळे कॉलम खाली नेला की तारा ताणल्या जातात. कपलर जवळून पाहिला तेव्हा जाड काळ्या-पिवळ्या तारेची पिन इतर पिनांपेक्षा दोनएक मिलिमीटर मागे सरकलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडले आहे. पुढे काय करावे?

निवृत्त_निदेशक

शाबास. कोठेही घाई न करता तपासलेत.

तपकिरी पडलेले प्लास्टिक म्हणजे तेथे उष्णता निर्माण झाली आहे. पिन पूर्ण बसलेली नसली की वीज अगदी लहान जागेतून जाते, तेथे रोध वाढतो, रोधामुळे पिन तापते, तापल्याने तिची पकड आणखी सैल होते. ब्लोअरसारखा जड भार त्याच वाटेने जात असल्यामुळे हे लवकर घडते. पिन नुसती आत ढकलून गाडी वापरू नका. तापलेल्या पिनेचा ताण गेलेला असतो, ती काही दिवसांत पुन्हा सैल होते. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्या पिनेच्या जागी नवीन पिन क्रिम्प करून (पकडीने दाबून) घ्या, कपलरचे घर बदलता आले तर तेही बदला आणि स्विचच्या बाजूची पाती काळवंडली असेल तर स्विचचा विजेचा भाग बदला. तो अनेक गाड्यांत किल्लीच्या कुलपापासून वेगळा, दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यामुळे किल्ली बदलावी लागत नाही. तारांचा जुडगा कंसाच्या वरून नेऊन मूळ क्लिपमध्ये बसवा आणि टिल्ट पूर्ण वर व पूर्ण खाली करून तार कोठे ताणली जात नाही ना, ते पाहा.

तेथेच किल्लीच्या भोवती इमोबिलायझरची (चोरीविरोधी यंत्रणेची) गोल कॉइल असते. तिचा लहान कपलर सैल राहिला तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते किंवा सुरूच होत नाही. हात घातलाच आहे तर तोही दाबून पाहा.

भाट्ये

त्या तारेला जोड देण्याची वेळ आली तर नुसती पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळण्यास इलेक्ट्रिशियनला मनाई करा. डॅशबोर्डच्या आतल्या उन्हाळी उष्णतेत टेपचा चिकटा वितळतो आणि ती सुटते. क्रिम्प करून वर हीट-श्रिंक नळी चढवावी. कॉलमजवळच्या तारा हलतात, त्यामुळे त्या ठिकाणी मी सोल्डरपेक्षा क्रिम्प पसंत करतो. सोल्डर तारेत वर चढून ती ताठ करते आणि ताठ भाग संपतो तेथे ती तुटते.

इंद्रायणी

इग्निशन स्विच हा क्षुल्लक भाग नाही, हे या निमित्ताने सांगावेसे वाटते. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला अमेरिकेत इग्निशन स्विचच्या दोषासाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किल्लीला धक्का लागला किंवा जड जुडगा लोंबकळत असला की स्विच चालत्या गाडीत सरकून इंजिन बंद होई, पॉवर स्टिअरिंग जाई आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचा संबंध त्या दोषाशी जोडला. आपल्या धाग्यातील बिघाडाचे कारण वेगळे आहे, परंतु परिणामांची साखळी तीच आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोयोटाने जगभरात ज्या लाखो गाड्या परत बोलावल्या त्यांतील एक मोठे कारण हीच चपटी पट्टी होती; तिला ते स्पायरल केबल म्हणतात. त्यात आपल्याकडच्या इनोव्हाही होत्या. म्हणजे कोणी चाक उघडलेलेच नसले तरीही हा भाग निकामी होऊ शकतो.

सरळमार्गी

कोयनाकाठ यांनी ज्या शिस्तीने तपासले ते पाहून माझा विरोध मी मागे घेतो. फक्त क्लॉक स्प्रिंगचे काम मात्र एअरबॅगचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. आणि एक विचारायचे आहे : चाक कललेले आहे ते व्हील अलाइनमेंट करून सरळ करता येणार नाही का? बहुतेक ठिकाणी तसेच करतात.

निवृत्त_निदेशक

करतात, पण या प्रसंगी तसे करणे चुकीचे आहे. दुरुस्तीपूर्वी चाक सरळ होते, याचा अर्थ अलाइनमेंट बिघडलेली नव्हती. शाफ्ट चुकीच्या दातावर बसला. टाय रॉड (पुढच्या चाकांना वळवणारे दांडे) फिरवून स्टिअरिंगचे चाक सरळ दिसेल असे केले की रॅकचा (ते दांडे सरकवणाऱ्या दातेरी पट्टीचा) मध्य आणि क्लॉक स्प्रिंगचा मध्य यांच्यातील फरक कायमचा झाकला जातो. मग एका बाजूचे वळण दुसऱ्या बाजूपेक्षा कमी मिळते. चाक काढून ते एक दात फिरवून बसवणे हेही तितकेच वाईट, कारण इंडिकेटर बंद करणारी कॅम क्लॉक स्प्रिंगसोबत फिरते आणि ती सरळ स्थितीत मध्यावर असावी लागते. तुमचा डावा इंडिकेटर परत येत नाही तो याच कारणाने, असे मला वाटते.

योग्य क्रम असा : पुढची चाके सरळ करणे, खालच्या जोडावर शाफ्ट योग्य दातावर आणणे, त्याचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कने कसणे आणि त्यानंतर नवीन क्लॉक स्प्रिंग बसवणे. नवीन स्प्रिंग मध्यावर पकडून ठेवणारी पिन किंवा चिकटपट्टी लावूनच येते. चाक बसेपर्यंत ती काढू नये. कोणी आधीच काढली असेल तर स्प्रिंग हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवून, कंपनीने सांगितलेले फेरे उलट मोजून, खुणा समोरासमोर आणाव्यात. जोर लावू नये.

जुनी स्प्रिंग खरोखर तुटली आहे का याची खात्री ती गाडीतून पूर्ण काढल्यावरच करावी. तेव्हा तिच्या एका टोकाची पिन आणि दुसऱ्या टोकाची तीच पिन यांच्यामध्ये सलगता तपासावी व ती फिरवत राहावे. एअरबॅगच्या दोन पिना एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या तर गोंधळू नका : कपलर सुटल्यावर त्या दोन तारा आपोआप जोडणारी पट्टी त्यात मुद्दाम ठेवलेली असते, जेणेकरून स्थिर विजेने एअरबॅग उडू नये.

कोयनाकाठ

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो. यावेळी साताऱ्यातील एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो आणि हा धागा त्यांना वाचायला दिला. त्यांनी आधी स्कॅनर लावला. एअरबॅगच्या नियंत्रकात चालकाच्या एअरबॅगचा रोध जास्त असल्याचा कोड होता. पॉवर स्टिअरिंगच्या नियंत्रकात कमी व्होल्टेजचा कोड होता, मोटरचा किंवा टॉर्क सेन्सरचा कोणताही दोष नोंदलेला नव्हता.

स्विचच्या कपलरची पिन आणि घर बदलले. स्विचची पाती एका बाजूने काळी पडली होती, म्हणून विजेचा भागही बदलला. तारा मूळ मार्गाने नेल्या. शाफ्ट एक दात चुकलेलाच होता. जुनी क्लॉक स्प्रिंग त्यांनी माझ्यासमोर उघडली : पट्टी एका टोकाजवळ दुमडून तिच्यातील तांब्याच्या रेषा तुटल्या होत्या, आणि हॉर्नची रेषा चाकाच्या काही स्थितींत टोकाला टोक लागून जुळत होती. नवीन स्प्रिंग बसवून कोड पुसल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून नीट विझतो. शेवटी स्कॅनरवर टॉर्क सेन्सरचा शून्यबिंदू पाहिला, तो ठीक होता. दोन्ही इंडिकेटर परत येतात. घाटातून जाऊन आलो, ब्लोअर एकदाही थांबला नाही. पूर्ण कॉलमसाठी सांगितलेल्या रकमेच्या अगदी लहान भागात हे झाले. पहिल्या गॅरेजलाही कपलरचे छायाचित्र दाखवले आणि त्यांनी मजुरीतील काही रक्कम परत केली.

मृद्गंध

वाचून फार समाधान वाटले. जुनी स्प्रिंग गॅरेजमध्ये ठेवली असेल तर ती तोडून टाकण्यास सांगा, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या गाडीत जाणार नाही.

वाडीवस्ती

नमस्कार, मी येथे प्रथमच लिहितो आहे. माझी गाडी १९९८ मधील आहे, तिच्यात एअरबॅगही नाही आणि क्लॉक स्प्रिंगही नाही. कॉलमचे बेअरिंग आणि खालचा रबरी कपलिंगचा भाग बदलल्यापासून हॉर्न अजिबात वाजत नाही. फ्यूज चांगला आहे. रिले (हॉर्नला वीज जोडणारा विजेचा स्विच) काढून त्याच्या ३० आणि ८७ या जागा तारेने जोडल्या की हॉर्न वाजतो. बटणाच्या मागची पितळी पट्टीही स्वच्छ केली आहे. आणखी काय पाहावे?

निवृत्त_निदेशक

तुमची तपासणी योग्य दिशेने झाली आहे. रिलेच्या पुढचा भाग चांगला आहे, म्हणजे दोष बहुधा रिलेच्या कॉइलला बटणामार्फत मिळणाऱ्या अर्थिंगमध्ये आहे. या जुन्या रचनेत बटण दाबले की ती तार स्टिअरिंगच्या लोखंडी शाफ्टला टेकते आणि शाफ्टमार्फत बॉडीला पोहोचते. रबरी कपलिंगमधून वीज जात नाही, म्हणून मूळ कपलिंगवर तांब्याच्या विणीची एक पट्टी किंवा लहान तार आडवी जोडलेली असते. नवीन भागावर ती बसवायची राहून गेली असावी, किंवा नवीन बेअरिंगच्या प्लास्टिकच्या बुशमुळे वरचा मार्गही तुटला असावा.

खात्री करण्यासाठी एक लांब तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, तिचे दुसरे टोक कपलिंगच्या वरच्या बाजूला शाफ्टच्या उघड्या लोखंडावर घट्ट धरा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. हॉर्न वाजला तर कपलिंगच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टना जोडणारी लवचिक तार बसवा. ती एवढी सैल ठेवा की चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवताना ताणली जाणार नाही आणि पेडलमध्येही अडकणार नाही.